घोडेस्वाराची बायको

तिरोड्याच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे शालीकराम मास्तर बायकोला घेऊन गोंदियाला दुपारच्या खेळाला निघाले खरे, पण गाडीत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मागच्या हिवाळ्यात वच्छला मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली होती. तिचं मन रमावं म्हणून मास्तरांनी तिला एक इंग्रजी कादंबरी मराठी करून ऐकवली होती. दरोडेखोर एका घोडेस्वाराच्या बायकोला मारतात आणि तो सूड घेतो, अशी गोष्ट. पण तापाने फणफणलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार, की बायको सुरुवातीलाच मरते? मास्तरांनी तिला नुसती जखमी केली, एका म्हातारीच्या झोपडीत ठेवली आणि शेवटी नवऱ्याशी भेट घडवून आणली. आता त्याच कादंबरीवरचा सिनेमा लागला होता आणि वच्छलाने हट्ट धरला होता.

सिनेमात बायको पहिल्याच रिळात पडली. मास्तरांनी डोळे मिटले.

बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. लगेच वच्छलाचा आवाज आला, "रडून कायले राहिली वो बाई? थे मेली नाई. म्हातारी नेते तिले झोपडीत."

पडद्यावरचं इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं. त्यापेक्षा वच्छला सोपी पडली. शेजारणीने मागचीला सांगितलं, मागचीने तिच्या मागचीला. घोडेस्वार एकेकाला लोळवत होता, पण बायकांचं तिकडे लक्षच नव्हतं. झोपडी केव्हा येते, एवढंच त्या पाहत होत्या. शेवटी सूड संपला, तो एकटाच डोंगराकडे निघून गेला आणि दिवे लागले. बायका जागच्या हलल्या नाहीत.

कुणीतरी मास्तरांकडे बोट दाखवलं, तसे मॅनेजर मुन्नालाल घाम पुसत आले. "मास्टरजी, आपकी घरवाली कहती है, फिल्म काट दी. औरतें उठ नहीं रहीं. अगला शो कैसे लगाऊँ?"

खरं सांगावं, तर वच्छला चारचौघींत खोटी पडणार. मास्तर पडद्यासमोर उभे राहिले. "सिनेमावाल्यांनी शेवट गाळला आहे. पुस्तकात तो झोपडीशी येतो. ती दारातच बसलेली असते. तो म्हणतो, आता मी कुठं जात नाही."

एका म्हातारीने विचारलं, "पोरगी पुरी बरी झाली ना?"

"झाली," मास्तर म्हणाले. त्यांनी वच्छलाकडे पाहिलं. "चांगली झाली."

बायका समाधानाने उठल्या.

परतीच्या गाडीत वच्छला बराच वेळ बाहेरच्या धानाच्या बांध्या पाहत होती.

"सिनेमावाल्याइनं पुस्तकाची पार वाट लावली," मास्तर म्हणाले.

"त्याइच्यावर कायले ढकलून राहिले? पुस्तकात थे मरतेच ना?"

मास्तर उगाच खिशातलं तिकीट चाचपू लागले.

"तुमी झोपडीचं सांगत होते, तवा कितीक येळ एकच पान उघडं होतं. मले ताप होता, आंधळी नवती झाली मी."

"मग तिथं साऱ्याइले काऊन सांगतलं?"

"थे बाई रडून राहिली होती ना." वच्छला थोडी त्यांच्याकडे सरकली. "आता घरी गेल्यावर खरं काय हाये, थे वाचून दाखवा. मी बरी झाली आता."

मास्तरांनी मान डोलावली. पण घरी गेल्यावर ते पुस्तक, समोरच्या फळीवर असूनही, काही केल्या त्यांना सापडेना.