कपाटातले शंभर मणी

गणित हाताने शिकावं, हे आता सर्वमान्य आहे. हात कोणाचे, एवढाच प्रश्न शिल्लक होता. तो आमच्या बालवर्गाने सोडवला.

शाळेने ‘हाताळा आणि शिका’ नावाचा संच आणला. त्यात लाकडी मणी (शंभर), तराजू (एक), रंगीत ठोकळे आणि सूचनापत्रक होतं. पहिल्याच दिवशी एका मुलाने मणी नाकात घातला. मणी निघाला, मूलही ठीक होतं, पण मुख्याध्यापिकांनी हाय खाल्ली. संच काचेच्या कपाटात गेला आणि किल्ली त्यांच्या पर्समध्ये. तेव्हापासून दर मंगळवारी बाई मुलांना कपाटासमोर बसवतात आणि ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या स्थितीत प्रत्यक्ष कृती करून घेतात. (दोन्ही एकाच वेळी कसं जमतं, हे मुलांनाच विचारावं.) वर्षभरात एकही मणी हरवला नाही. पालक समितीचा सचिव म्हणून मला याचा अभिमान आहे.

अडचण होती ती चिमणीची. आमच्या शिपाईमावशींची ही नात वर्गात तोंडच उघडत नसे. तपासणीत ‘संख्याज्ञान नाही’ असा शेरा पडला, की आणखी एक वर्ष बालवर्गातच. मावशी आठवडाभर प्रत्येकाला विनवत होत्या. मलाही वाईट वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम.

तपासणीला आलेल्या साहेबांनी तिला जवळ बोलावलं.

“बाळ, कपाटात मणी किती?”

“अठ्ठ्याण्णव.”

“अगं, शंभर!” बाई कुजबुजल्या.

“नाही. दहा-दहाच्या ओळी आहेत, शेवटच्या ओळीत आठच आहेत. मी दर मंगळवारी मोजते. दुसरं काय करणार, हात लावू देत नाहीत ना!”

आता आली का पंचाईत? रजिस्टरात शंभर. कपाट उघडलं, मणी सतरंजीवर ओतले आणि साहेब, मुख्याध्यापिका, बाई आणि मी मांडी घालून मोजायला बसलो. पहिल्यांदा सत्त्याण्णव आले, मग एकशे एक. पुढे साहेबांनी ठोकळ्यांचा मनोरा रचायला घेतला.

“अहो, मजा येते की!” ते म्हणाले.

मुलं घडी न मोडता बघत होती. तासाभराने अठ्ठ्याण्णव भरले. दोन मणी संचासोबत कधी आलेच नव्हते. (रजिस्टरात ‘शंभर, मोजून घेतले’ याखाली सही माझी आहे.)

अहवाल उत्तम आला. प्रत्यक्ष कृतीत सहभाग: चार, सर्व प्रौढ. चिमणीला शेरा मिळाला, ‘संख्याज्ञान आहे, उलट बोलते’, आणि ती पहिलीत गेली. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. कपाटाला आता दोन कुलपं आहेत.

तुम्ही मात्र हसू नका. वाढदिवसाला आलेला तो भारी खेळ तुम्हीही कपाटावर ठेवलाय ना, ‘मोडशील, मोठा झालास की देऊ’ म्हणून? त्याला किती दिवस झाले, ते पोराला विचारा. त्याने मोजलेत.