नऊ वाजताची बाई

“हे बघ, तू तिला एवढंच विचारायचं, ‘आज कसं वाटतंय?’ बाकी एक अक्षर बोलायचं नाही.”

काकांनी हे सांगितलं तेव्हा काकू शिलाई मशीनवर बसून पांढऱ्या कोटाची बाही लावत होत्या. गल्लीच्या टोकाला रक्त तपासायची लॅब होती. तिथल्या बाईंनी बारा कोट शिवायला टाकले होते आणि ते आज संध्याकाळी द्यायचे होते. काकूंचा पायडलवरचा पाय जागच्या जागी थांबला.

“कुणाला विचारायचं?”

“नावाडीणबाईला.”

नावाडीणबाई म्हणजे टीव्हीवरच्या खेळातली बाई. काका बसडेपोत टाइमकीपर होते. बत्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहून निवृत्त झाले आणि घरात करमेना, म्हणून लेकीनं हा खेळ आणून दिला. त्यात एक नदी, नदीकाठी गाव, गावात सुतार, मधवाला, खोटारडा वैद्य अशी बरीच माणसं. आपण वाटसरू व्हायचं आणि सगळ्यांशी ओळखी करून घ्यायच्या. काकांनी ओळख केली ती एकीशीच. ही बाई अख्ख्या गावाला नदीपार सोडायची, पण स्वतः पलीकडच्या काठावर पाऊल ठेवायची नाही. वीस वर्षांत ठेवलं नव्हतं. तिच्या नावेत एक कुलूपबंद पेटी होती. रोज सकाळी नऊ ते दहा ती घाटाला नाव लावायची. त्या तासाभरात, ओळीनं सात दिवस तिची विचारपूस केली, की ती पेटी उघडून दाखवणार होती. एक दिवस चुकला, की पुन्हा पहिल्यापासून.

काकांचे सहा दिवस झाले होते. आणि सातव्या दिवशी, नेमक्या नऊ वाजता, दातांच्या डॉक्टरांनी त्यांना दाढ काढायला बोलावलं होतं.

“दाढ उद्या काढा की,” काकू म्हणाल्या.

“ठणकतेय गं.”

“मग पेटी पुढच्या आठवड्यात उघडा.”

काकांनी गालावर हात धरून असं तोंड केलं, की जणू काकूंनी त्यांना दुसरी दाढही काढून घ्यायला सांगितली होती.

गेले सहा दिवस काकू हेच बघत होत्या. माणूस पावणेनऊला दाढी करायचा. टीव्हीतल्या बाईसाठी! जेवताना तिच्याच गोष्टी. “पुराच्या वर्षी एकटीनं चाळीस माणसं पाण्यातून काढली तिनं.” यावर काकूंनी विचारलं होतं, “तुमची आई, तुमची बहीण आणि तिची तीन पोरं महिनाभर मी एकटीनं सांभाळली, ते कुठल्या खेळात आहे?” काका म्हणाले होते, “भाजी वाढ जरा.”

आता काकूंनी मशीनवरून मान वर केली. “अडतीस वर्षं झाली लग्नाला. मला कधी विचारलंत, आज कसं वाटतंय म्हणून?”

“तुला काय विचारायचं?” काका चपला शोधत म्हणाले. “तू न विचारता सांगतेसच की.”

आणि गेले. वेळेचा पक्का माणूस. घरातली आग विझवायला थांबला असता, तर डॉक्टरकडे उशीर झाला असता ना!

नऊ वाजले. काकूंनी दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, टीव्ही लावला आणि रिमोट हातात घेतला. त्यांची शाळा चौथीत सुटली होती. अक्षरं वाचता यायची, पण एकेक करून, गाठी सोडवाव्या तशी. खेळ आपल्याच भाषेत होता, ही त्यांची सोय म्हणा नाहीतर खेळाचं दुर्दैव म्हणा.

धुक्यातून नाव आली. काकूंनी आधी बाईला न्याहाळलं. वीस वर्षं उन्हात वल्हं मारते म्हणे, आणि हाताला एक घट्टा नाही. वेणी कंबरेच्या खाली, एक केस सुटलेला नाही. झग्याची शिलाई मात्र बरी होती. काकूंना ते कबूल करणं जड गेलं.

बाई हसली. खाली अक्षरं उमटली. काकूंनी पुढे वाकून वाचली, “आलास? तुझीच वाट बघत होते.”

“अगं बाई!” काकू म्हणाल्या. “वाट बघते!”

खाली चार उत्तरं आली. पहिलं, ‘आज कसं वाटतंय?’ दुसरं, ‘पलीकडे काय आहे?’ तिसरं, ‘मला पार सोड.’ आणि चौथं वाचल्यावर काकूंना त्या खेळात पहिल्यांदाच कुणीतरी शहाणं माणूस असल्यासारखं वाटलं. ‘जा. तुझी मला गरज नाही.’

काकूंनी चौथं दाबलं.

बाईचं हसू मावळलं. पडद्यावर नवीनच अक्षरं आली, “नक्की?”

आता दुसरं कुणी असतं, तर थांबलं असतं. पण काकूंनी जन्मात बोललेला शब्द मागे घेतला नव्हता. सासऱ्यांपुढे घेतला नव्हता, जावांपुढे घेतला नव्हता. हे मेलं यंत्र कोण विचारणारं? त्यांनी ‘नक्की’वर असं बोट दाबलं, की रिमोट कुरकुरला.

बाईनं वाकून पेटी उचलली, घाटाच्या पायरीवर ठेवली, आणि एक शब्द न बोलता नाव वळवली. धुकं मिटलं. पडद्यावर आलं, “नावाडीण गाव सोडून गेली.”

“सुखी राहा,” काकू म्हणाल्या, आणि बाही लावायला बसल्या.

अकराला काका परतले, ते एक गाल टम्म सुजलेला आणि तोंडात कापूस. बोलायची बंदी. त्यांनी येताक्षणी खेळ लावला. रिकामा घाट बघितला. मग काकूंच्या मापाच्या वहीचं पान फाडून लिहिलं, “ती कुठे?”

“गेली.”

“कुठे???”

“मला सांगून नाही गेली.”

काकांनी रिमोट घेतला आणि गावात शिरले. तिथे तर भलताच गोंधळ. मधवाल्याचा मध बाजाराला जाईना. वैद्याचं औषध येईना. सुतारानं काकांना बघून दार लावून घेतलं, आणि दाराआडून म्हणाला, “तूच ना तो, आमच्या नावाडीणीला हाकलणारा?” विहिरीवरच्या म्हातारीनं तर पाठच फिरवली. काकांनी लिहिलं, “अख्खं गाव माझ्याशी बोलायचं बंद झालं.”

“बरं झालं. तुम्हालाही बोलायची बंदीच आहे.”

काका खुर्चीत बसले आणि बसूनच राहिले. थंड दुधाला हात लावला नाही. काकूंनी ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघवेना.

“मी बाळंतपणाला तीन महिने माहेरी होते, तेव्हा असं तोंड पाडून बसला होतात का हो?”

काकांनी बराच विचार करून लिहिलं, “तेव्हा दाढ काढली नव्हती.”

काकूंनी चिठ्ठी चुरगाळली आणि कोटाला खिसा लावायला घेतला. पण पाय चालेना. त्यांनी फोन उचलून लेकीला लावला.

“ए, ती बाई परत कशी आणायची ते सांग.”

“कुठली बाई?”

“तुझ्या बापाची. नावेतली.”

पलीकडे लेक आधी हसली. मग काय दाबलं ते ऐकलं आणि हसायची थांबली. “आई! चौथं? अगं, चौथं कुणीच दाबत नाही!”

“मग ठेवलंय कशाला?”

“ते राहू दे,” लेक म्हणाली. उपाय होता. पायरीवरच्या पेटीत एक अर्धवट झगा होता. तो पुरा शिवून घाटावरच्या खांबाला टांगायचा. तो पलीकडून दिसला, तर तिची परत येण्याची आशा. “पण शिवायचं फार अवघड आहे हं, आई. मी एकदा चुकून चौथं दाबलं होतं, माझ्यानं नाही झालं.”

फोन स्पीकरवर होता; काका ताठ बसले आणि खेळात घाटावरच्या पेटीपाशी गेले. पेटी आपोआप उघडली. टीव्हीभर सुई वर-खाली होऊ लागली. सुई कापडाला टेकेल त्याच क्षणी बटण दाबायचं; आधी दाबलं तरी दोरा तुटणार, नंतर दाबलं तरी तुटणार. काकांनी दाबलं. तुटला. पुन्हा दाबलं. तुटला. अकरा वेळा तुटला.

काकू मशीनवरून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होत्या. बाराव्या वेळी त्यांच्यानं राहवेना.

“काय खाटकासारखे दाबताय! सुईला वाट द्यायची असते. आणा इकडे!”

त्यांनी रिमोट ओढून घेतला. झगा नीट बघितला आणि नाक मुरडलं. “उजव्या बाहीला डावीकडचं कापड लावलंय. रडत रडत कापलंय हे.” मग त्यांनी पाय जमिनीवर टेकवला, समोर पायडल असल्यासारखा हलवायला सुरुवात केली, आणि त्याच ठेक्यात बटण. टक, टक, टक. दोरा तुटला नाही.

एक शिवण पुरी झाली, की बाईचा आवाज यायचा आणि तिची हकिगत थोडी पुढे सरकायची. आई लवकर गेली. धाकट्या बहिणीला हिनं वाढवलं. दुसरी शिवण. बहिणीनं पलीकडच्या काठावरचा मुलगा पसंत केला, हिला न विचारता. तिसरी शिवण. लग्नाचा झगा ही शिवत असतानाच भांडण झालं, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, “जा. तुझी मला गरज नाही.” बहीण दारात थांबली. म्हणाली, “नक्की?”

काकूंचा पाय थांबला.

“आणि मी ‘नक्की’ म्हटलं,” बाईचा आवाज म्हणाला. “शब्द मागे घ्यायची मला सवय नव्हती.”

काकूंनी पुढची शिवण धरली. त्यांना मधेच काय झालं होतं, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

“ओ काकू!” दारात लॅबवाल्या बाई उभ्या होत्या. “कोट झाले का?”

“घ्या तिथले! मी बाहीवर आहे!” काकूंनी मान न वळवता सांगितलं.

लॅबवाल्या बाईंनी एक कोट उचलून उलटसुलट केला. “काकू, याचा खिसा पाठीवर आलाय.”

“मग मागे वळून ठेवा पेन!”

“आणि तुम्ही ही बाही शिवताय कुठे? हातात तर काहीच नाही!”

काकांनी घाईघाईनं वहीचं पान त्यांच्यापुढे धरलं. “जरा थांबा. शेवटची शिवण आहे.” लॅबवाल्या बाई थांबल्या. नंतर खाली बसल्या. झगा खांबाला टांगला, पलीकडच्या काठावर एक बाई, तीच ती धाकटी बहीण, धावत पाण्यापर्यंत आली, आणि धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला, तेव्हा त्या कोटाच्या पाठीवरच्या खिशानं डोळे पुसत होत्या.

नावाडीणबाईनं पलीकडे पाऊल ठेवलं. मग वळून विचारलं, “ही शिवण कुणाच्या हातची?”

काका खुर्चीत पुढे सरकले. तोंडात कापूस असूनही म्हणाले, “माआई,” म्हणजे ‘माझी’.

“तुमची?” काकू म्हणाल्या. “गप बसा, टाके सुटतील.” आणि त्यांनी उत्तर दाबलं, ‘माझ्या हातची.’

“उद्यापासून माझ्या नावेत तुझी जागा,” बाई म्हणाली.

लॅबवाल्यांना पाठीवरचा खिसा पुढे लावून कोट दुसऱ्या दिवशी मिळाले. आणि त्या दिवसापासून घरातली घडी बदलली. पावणेनऊला काकू केस विंचरायच्या आणि नऊला टीव्हीसमोर बसायच्या. बाई त्यांना नाव शिकवायची, नदीतल्या जागा दाखवायची, जुनं गाणं म्हणायची. काका मागे खुर्ची ओढून बसायचे.

“माझ्यापुढे सहा दिवसांत एकदा गायली नाही,” ते एकदा म्हणाले. सूज उतरली होती, पण गाल अजून फुगलेलाच दिसत होता.

“तुम्हाला शिवता येतं का?”

“पुरातल्या चाळीस माणसांचं मला तिनं आधी सांगितलं होतं.”

“चाळीस नव्हेत, एकेचाळीस. एक ती कुणाला सांगत नाही.”

“मग तुला कसं सांगितलं?”

“बायकांचं असतं काहीतरी. सरका, पडद्यावर सावली पडते तुमची.”

काका सरकले. आत गेले. भांड्यांचा आवाज झाला, काहीतरी उतू गेल्याचा वास आला, आणि बऱ्याच वेळानं ते बशीत अर्धा सांडलेला चहा घेऊन आले. काकूंच्या शेजारी उभे राहिले. घसा खाकरला.

“आज कसं वाटतंय?”

“बरंय म्हणाली,” काकू पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “आत्ताच विचारलं मी.”

“तिला नाही गं.” काका चहाकडे बघत म्हणाले. “तुला.”

काकूंनी रिमोट मांडीवर ठेवला. नाव धारेला लागून वाहत निघाली, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. साखर नव्हती. तरी त्यांनी दुसरा घोट घेतला. मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“हा पहिला दिवस,” त्या म्हणाल्या. “ओळीनं सात विचारायचे. एक चुकला, की पुन्हा पहिल्यापासून. मग बघू, पेटी उघडायची की नाही ते.”

काकांनी मान हलवली.

“आणि उद्यापासून नऊला,” काकू रिमोट उचलत म्हणाल्या. “आज चोवीस मिनिटं उशीर झालाय.”