साठवा आणि पाठवा

निविदा भरायला सत्तावीस मिनिटं उरली होती आणि कॉम्प्युटर म्हणत होता, ‘ठसा घेणारं यंत्र सापडत नाही.’

यंत्र समोरच होतं. काडेपेटीएवढं, लाल दिवा लागलेलं. प्यो जंग्येबाईंनी ते काढलं, पुसलं, दुसऱ्या भोकात घातलं. तेच उत्तर.

कोरियातल्या सोक्चो गावच्या अकरा शाळांना वर्षभर तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, पुरवायचं काम होतं. जंग्येबाईंच्या कारखान्यातल्या चार बायकांचं वर्ष त्यावर अवलंबून होतं. निविदेच्या वेबसाइटवर शिरायला मालकाच्या बोटाचा ठसा लागे आणि अकराच्या ठोक्याला दार बंद होई.

“आई, बंद करून चालू करू का?” सून हेरिमनं विचारलं.

“कर काय ते.”

हेरिमनं बंद केला. कॉम्प्युटरला नेमकं तेव्हाच स्वतःला अद्ययावत करून घ्यायचं सुचलं. नऊ मिनिटं पडद्यावर चक्र फिरत राहिलं. तेवढ्यात मदत केंद्राचा फोन लागला.

“मॅडम, बोट ओलं आहे का?”

“अहो, बोटाचं नंतर बघू! याला यंत्रच दिसत नाहीये!”

“तोफूच्या कामानं रेषा झिजतात, मॅडम. बोटाला जरा क्रीम लावून बघा.”

जंग्येबाईंनी फोन सुनेच्या हातात कोंबला. कॉम्प्युटर उठला. यंत्र काढून पुन्हा ओळख करून दिली, तरी सापडेना. दहा पंचेचाळीस झाले होते. आता एकच उपाय होता, आणि तो समोरच्या गल्लीत राहत होता.

यॉम ग्युसिक हा गावातला दुसरा तोफूवाला. बाईंच्या तोफूला त्यानं भर बाजारात खोडरबर म्हटल्यापासून सहा वर्षं दोघं बोलत नव्हती. जंग्येबाई गमबुटांसकट त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

“तुमचं ठशाचं यंत्र पाच मिनिटं द्या.”

यॉम आधी दचकला, मग गालातल्या गालात हसला. “न्या की! आमची निविदा केव्हाच गेली. चला, मीच येतो लावून द्यायला. हरणाऱ्याला मदत करावी माणसानं.”

जंग्येबाईंनी ते गिळलं. यॉमचं यंत्र लावलं आणि कॉम्प्युटरनं ते एका क्षणात ओळखलं.

“बघा, माझ्या घरचं आहे,” यॉम म्हणाला.

बाईंनी बोट टेकवलं. दार उघडलं. दहा चोपन्नला निविदा गेली. हेरिमनं टाळी वाजवली, तोच यॉमचा फोन वाजला. पलीकडून त्याची बायको एवढी ओरडत होती की खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

“अहो, तुम्ही ‘पाठवा’ नाही, ‘साठवा’ दाबलंय! पाठवायला परत ठसा मागतंय!”

यॉमचा चेहरा तोफूसारखा पांढरा झाला. यंत्र इथं, बोट इथं, कॉम्प्युटर गल्लीपलीकडं, आणि गुडघे सत्तरीचे. तो दाराकडे वळला आणि खुर्चीला अडखळला.

“कुठं चाललात धडपडत? बसा इथं,” जंग्येबाई म्हणाल्या. “हेरिम, माझं बंद कर. यांचं उघड.”

“आई!”

“उघड म्हटलं ना!”

यॉमनं घाईघाईनं बोट टेकवलं. ‘ठसा जुळत नाही.’ पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चुकलं की खातं बंद. दहा अठ्ठावन्न झाले. जंग्येबाईंनी त्याचा हात ओढला, आपल्या एप्रनला खसाखसा पुसला आणि बोट यंत्रावर दाबून धरलं.

“हलू नका!”

हिरवा दिवा लागला.

“आता ‘पाठवा’ दाबा. नीट वाचून!”

निविदा गेली. यॉमनं कमरेत वाकून दोनदा नमस्कार केला. यंत्र तिथंच विसरून तो निघून गेला.

दुपारी निकाल लागला. यॉम पहिला, जंग्येबाई दुसऱ्या.

हेरिमच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, त्यांचं बोट तुम्हीच दाबून धरलंत!”

जंग्येबाईंनी कॉम्प्युटर बंद केला. “धरलं खरं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्षी दोन नवी यंत्रं आण.”

“दोन कशाला?”

“एक त्याला देऊ. स्वतःचं तो विसरून जातो. सारखं माझ्याकडे बोट घेऊन यायला नको.”