स्नेहलबाईंच्या बदलीचा अस्सल आदेश

सरकारी पत्र खरं असावं आणि ते वाचताही यावं, अशी दुहेरी अपेक्षा धरणं हा हावरटपणा होय. कोल्हापुरातल्या बदली कक्षाचे ज्येष्ठ लिपिक आकाराम यांना हे अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत पुरतं पटलं होतं.

शाहूवाडीच्या डोंगरातल्या शाळेवरच्या स्नेहल कांबळे या शिक्षिकेचा बदली-आदेश आकारामनीच टाइप केला, कक्षाच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. (युनिकोडच वापरावा, असं परिपत्रक आलं होतं. तेही जुन्याच फॉन्टमध्ये होतं.) साहेबांनी डिजिटल सही केली आणि ईमेल गेला. शाळेच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. वर हिरवी खूण उमटली : 'सही वैध. मजकुरात बदल नाही.' खाली मजकुराच्या जागी उलटी प्रश्नचिन्हं, पौंडाची चिन्हं आणि टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. ईमेलच्या इंग्रजी विषयओळीवरून बदली कुणाची ते कळलं, म्हणून मुख्याध्यापकांनी बाईंना तत्परतेनं कार्यमुक्त केलं. हजर कुठं व्हायचं, ते काही कळेना.

बाईंनी गडहिंग्लजजवळचं नेसरी गाव मागितलं होतं. दीड वर्षाची लेक तिथं आजीजवळ, तानाबाईंजवळ वाढत होती. बाईंनी गडहिंग्लजच्या एका दुकानात मजकूर युनिकोडमध्ये करून घेतला. 'नेसरी' स्वच्छ दिसलं, आणि हिरवी खूण लाल झाली : 'मजकुरात बदल झाला आहे.' नेसरीच्या मुख्याध्यापकांनी हात जोडले. लाल खुणेवर हजर करून घेता येत नव्हतं.

बाईंनी कोल्हापूर गाठलं. कक्षानं चार दिवस विचार करून अभिप्राय दिला : जे वाचता येतं ते बनावट आहे, जे अस्सल आहे ते वाचता येत नाही, सबब अडचण उद्भवत नाही. मूळ आदेश वैध असल्यानं नवा काढता येणार नाही.

बाई आकारामच्या टेबलापाशी आल्या.

"काका, टाइप तुम्हीच केलंय न्हवं? मग काय लिवलंय, सांगा की."

तोंडी माहिती देण्याची तरतूद नाही, असं आकाराम फायलीकडं बघत म्हणाले.

"लेक मला मावशी म्हणाय लागलीया, काका."

आकारामनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी किरकोळ रजा टाकली आणि बाईंबरोबर एसटीनं नेसरी गाठलं. अस्सल आदेशाच्या छापील प्रतीखाली पेनानं लिहिलं, 'वरील मजकूर नेसरी असा वाचावा.' खाली सही केली, खिशातून आणलेला गोल शिक्का मारला. शिक्का बघून मुख्याध्यापकांचा जीव भांड्यात पडला.

"आता कसं बोललासा, पावणं," म्हणत त्यांनी बाईंना हजर करून घेतलं.

आठवड्याभरात आकारामना कारणे दाखवा नोटीस आली : शासकीय आदेश सुवाच्य केल्याबद्दल. ती त्यांनी शांतपणे घडी करून ठेवली. त्या दिवशी जेवण बरं गेलं, असं ते सांगतात.

न वाचता येणाऱ्या मजकुरावर लोक विश्वास कसा ठेवतात, याचं वाचकांना नवल वाटलं असेल. परवाच याच वाचकांनी मोबाईलवर 'सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत' यावर बोट टेकवलं. त्या अटी मराठीतच होत्या, असं म्हणतात.