एक्केचाळीस नेते आणि एक सही

कोणत्याही कलेची प्रगती मोजायची असेल, तर तिच्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची संख्या किती झपाट्याने घटते आहे ते पाहावे. रंगभूमी या बाबतीत फार मागे होती. एका पाहणीत असे आढळले, की नाट्यगृहातल्या दर शंभर माणसांमागे नेते केवळ सात आहेत. उरलेली त्र्याण्णव माणसे काही ना काही करताना सापडली. (त्यांतली दोन झोपली होती, पण तीही दमून.) ही लाजिरवाणी स्थिती पालटण्यासाठी आमची नाट्यनेतृत्व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्या पहिल्याच तुकडीत मला प्रवेश मिळाला.

संस्थेचे ब्रीदवाक्य 'सर्व प्रकारची माणसे, एकाच प्रकारचे नेते' असे आहे. त्यामुळे प्रवेश देताना कुणीही कुणासारखे असू नये याची कसून काळजी घेतात. आमच्या तुकडीत एक निवृत्त पोस्टमन आहे, मधमाश्या पाळणारी एक बाई आहे, दात बसवणारा एक कारागीर आहे आणि एक जुळा आहे. (त्याच्या भावाचा अर्ज 'हा प्रकार भरला आहे' असा शेरा मारून परत पाठवला.) जन्मात नाटक न पाहिलेले दोघे निघाले, तेव्हा एकाला घाईघाईने एक नाटक दाखवून आणले. चाकाच्या खुर्चीवरची एक विद्यार्थिनी माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट विचाराधीन असल्यामुळे ती बराचसा वेळ मुखपृष्ठावरच असते. असे चाळीस प्रकार भरल्यावर कोणत्याच प्रकारात न बसणारा एक इसम हवा होता. तो मी. हजेरी क्रमांक एक्केचाळीस.

पहिल्या सत्रात तिसऱ्या रांगेत बसायला शिकवतात. ऐकायला सोपे वाटेल. पण पायावर पाय कसा टाकायचा, चष्मा कोणत्या वाक्याला काढायचा आणि काढल्यावर त्याची दांडी चावायची की नाही, यातच सहा आठवडे जातात. दुसऱ्या सत्रात 'छान आहे, पण काहीतरी कमी पडतंय' हे वाक्य चार वेगवेगळ्या सुरांत म्हणायला शिकवतात. काय कमी पडतंय ते सांगणाऱ्याला नापास करतात. तिसरे सत्र तालीम अर्धवट सोडून व्यथित चेहऱ्याने निघून जाण्याचे. यात आमच्यातला एक विद्यार्थी (बारा महिने गळ्यात मफलर असल्यामुळे त्याला सगळे मफलरच म्हणतात) तासाला तीनदा निघून जायचा. तोपर्यंतचा विक्रम दोनचा होता.

नियम क्रमांक सात मात्र कडक आहे. विद्यार्थ्याच्या हातात हातोडी, सुई, दोरी, झाडू किंवा कामाची कोणतीही वस्तू आढळल्यास मिनिटाला पाच गुण वजा. एकदा वाटेत आलेली खुर्ची मी उचलली, त्यात माझे वीस गुण गेले. (एवढ्याशा कामाला चार मिनिटे लागत नाहीत हे मलाही कळते; पण ती कुठे ठेवायची हे कुणी सांगेना.)

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने एक अर्ज भरून द्यायचा असतो. 'मी या नेत्याच्या नेतृत्वाखाली होतो/होते' असे लिहून देणाऱ्या निदान एका माणसाची त्यावर सही लागते. हा माणूस नाट्यगृहाच्या इमारतीतलाच हवा. आम्ही एकमेकांच्या अर्जांवर सह्या करू शकत नव्हतो, कारण जो सही करील तो अनुयायी ठरून बाद. म्हणून संचालकांनी इमारतीत अनुयायांचा शोध घेतला. पहारेकऱ्याला नुकतेच प्रवेशद्वार-प्रमुख केले होते. चहावाला पेय-समन्वयक झाला होता आणि तेव्हापासून चहा बंद होता. राहता राहिली कपडेपटातली मावशी. तिच्या बढतीचे पत्र घेऊन एक कारकून गेला होता खरा, पण तिने त्याला दारातच थांबवले, त्याचे लोंबणारे बटण लावून दिले आणि परत पाठवले. आपण कशाला आलो होतो हे तो विसरला.

म्हणजे नेते एक्केचाळीस आणि अनुयायी एक. तीही परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी पाचला निवृत्त होणार होती.

संचालक आम्हा सगळ्यांना घेऊन कपडेपटात गेले. खोली एवढीशी, अर्धे नेते जिन्यातच राहिले. मावशीच्या गळ्यात मोजपट्टी आणि बाहीला तीन सुया टोचलेल्या. तिने शांतपणे सगळे ऐकून घेतले.

"सही करते की," ती म्हणाली. "एक्केचाळीस काय, ऐंशी करते. पण माझं एक ऐका. सव्वीस वर्षं झाली मला इथं, एकसुद्धा नाटक मी पुढून बघितलेलं नाही. विंगेतून नुसत्या पाठी दिसतात. राजा मरतो कसा, ते मला अजून माहीत नाही. धाडकन आवाज आला की मी सुई ओवून उभी, अंगरखा फाटला असणार म्हणून. आता जाता जाता एकदा पुढं बसायचंय. तेवढे दोन तास तुमच्यातल्या कुणीतरी सुई धरा. मग सगळ्यांना सह्या."

खोटे कशाला सांगू, मला गलबलून आले. मी ताबडतोब एक समिती सुचवली.

समितीने तीन बैठका घेऊन हिशेब मांडला. दोन तास म्हणजे एकशेवीस मिनिटे. मिनिटाला पाच याप्रमाणे वजा गुण सहाशे. परीक्षा पाचशेची. म्हणजे सुई धरणारा उणे शंभर गुण मिळवून इतिहासात गेला असता. मावशीची इच्छा अत्यंत रास्त आहे असा ठराव एकमताने करून समिती बरखास्त झाली.

त्यापेक्षा मावशीचे खरोखरच नेतृत्व करून सही मिळवावी असे ठरले. रोज सकाळपासून प्रत्येकाला पाळीपाळीने दहा मिनिटे नेमून दिली. पोस्टमन तिच्या पुढे पुढे बसथांब्यापर्यंत चालत जाई, ती वाटेतूनच कपडेपटात परत येई, आणि तो एकटाच थांब्यावर उभा सापडे. मधमाशीवालीने तिला पोळ्याची शिस्त समजावली. मफलरने विश्वासाचा प्रयोग केला: डोळे मिटून पाठीमागे पडायचे, दुसऱ्याने झेलायचे.

"आधी तू पड, बाळा," मावशी म्हणाली. "माझी बाही जोडायची राहिलीय."

तो पडला. तिच्या दोन्ही हातांत बाही होती.

या नेतृत्वात दिवस संपे आणि शिवण तशीच राही. परीक्षेचे नाटक होते 'एक्केचाळीस राजे'. (सेवकाची भूमिका कुणी घेईना, म्हणून लेखकाने सगळ्यांनाच गादीवर बसवले. तो लेखक म्हणजे दात बसवणारा कारागीर.) राजा तिथे झगा, म्हणजे एक्केचाळीस झगे. ते मावशीने कसेबसे कच्च्या टाक्यांवर उभे केले आणि पक्की शिलाई राहून गेली.

प्रयोग दुपारी तीनचा होता. तीनला पाच कमी असताना मावशीने कात्री, दोरा आणि सुयांची डबी विंगेतल्या स्टुलावर ठेवली, केस नीट केले आणि पर्स मांडीवर घेऊन ती पाचव्या रांगेत जाऊन बसली.

संचालक धावत तिच्यापाशी आले. ते वाकून म्हणाले, "मावशी, तुम्ही इथे?"

"बसले."

"आणि आत कोण?"

"आत एक्केचाळीस जण आहेत की."

पहिला राजा 'हे माझे साम्राज्य' म्हणाला, त्याने हात पसरले आणि झगा काखेपासून खालपर्यंत उसवला. त्याला सल्ला द्यायला दुसरा राजा आला, त्याचाही गेला. साडेचारपर्यंत अडतीस राजे एका हाताने कंबर धरून रंगमंचावर उभे होते आणि 'छान आहे, पण काहीतरी कमी पडतंय' असे एकमेकांना सांगत होते. मफलर तीनदा व्यथित होऊन निघून गेला. दर खेपेस त्याचा एकेक कपडा मंचावरच राहिला. स्टुलावरच्या सुईकडे सगळ्यांचे लक्ष होते. पण परीक्षकही बघत होते.

शेवटी सगळे राजे एकदम मरतात. आम्ही मेलो. धाडकन आवाज झाला, धूळ उडाली. तशी मावशी सवयीने अर्धी उठली, मग तिला आठवले आणि ती पुन्हा बसली. माहितीपत्रकात शोकांतिका असे छापले असल्यामुळे प्रेक्षकवर्ग गंभीर होता. मावशी मात्र इतकी हसली, की डोळे पुसायला तिला काही सापडेना, तेव्हा तिने मोजपट्टी वापरली. मी मेलेला होतो, तरी मला ते दिसले आणि मनापासून बरे वाटले.

पाच वाजता आम्ही तिला दारात गाठले. एका हातात झगा, दुसऱ्या हातात अर्ज.

"लई झकास झालं रे," ती म्हणाली. "राजा असा मरतो होय!"

"मग सही?" मफलरने विचारले.

"सही कशी करू? मला कुणी बसवलं? माझी मी बसले." आणि ती सव्वीस वर्षांत प्रथमच पुढच्या दाराने बाहेर पडली.

एक्केचाळीसही निकाल रखडले. तेव्हा संस्थेने उदार होऊन नियम सैल केला: अनुयायी बाहेरचाही चालेल, फक्त कुठे चाललो आहोत हे न विचारता तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागोमाग आलेला असावा. दात बसवणाऱ्याला एका दिवसात सोळा सह्या मिळाल्या, कारण त्याच्या खुर्चीतल्या माणसाला काही विचारताच येत नाही. पोस्टमनने ओळखीच्या एका कुत्र्याचा पंजा उमटवून आणला आहे. निर्णय व्हायचा आहे. मी अर्ज बायकोसमोर धरला. ती म्हणाली, "आधी गॅस बंद कर." मी बंद केला, आणि अर्ज कुणी कुणाच्या नावे भरायचा यावर आमचे अजून एकमत नाही.

म्हणून मी हे लिहायला घेतले. आपण पहिल्या ओळीपासून माझ्या मागे चालत आला आहात. मी हसवले तिथे हसलात. मावशीने सुई धरायला माणूस मागितला तेव्हा आपल्यालाही माझ्यासारखेच गलबलून आले, आणि माझ्यासारखेच आपणही जागचे हलला नाहीत. कुठे नेतोस बाबा, असे एका शब्दाने विचारले नाहीत. इतका आज्ञाधारक माणूस आमच्या इमारतीत शोधूनही सापडला नाही. तेव्हा समासात कृपया सुवाच्य सही करावी. पेन आणायला उठावे लागले तरी हरकत नाही. सांगितल्याबरोबर उठणाऱ्याचे मला जादा गुण मिळतात.