सुमन सिस्टरांच्या टिकल्या

सुमन सिस्टरना चहा देणं सोपं काम नव्हतं. कप हातात घेतला की पहिला सवाल, "कुठून आलं?" दूध कुठून, पाणी कुठून, कप कोणी धुतला. तोवर चहावर साय धरायची. पाहुणा असो, आंबा असो नायतर ताप असो, बाईंचा सवाल एकच.

मी दुसरी शिकलेला माणूस. शहापुरात लहान पोरांच्या दवाखान्यात चार खाटांची अतिदक्षता खोली निघाली, तेव्हापासून मी तिथे वॉर्डबॉय. केस पिकले तरी बॉयच.

सिस्टर आसनगावला एकट्या राहायच्या. नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेलेला. कपाळ मोकळं, पण बाजारात लाल टिकल्यांची पाकिटं घ्यायच्या. बांगडीवाली तोंडाला पदर लावून हसायची. तिला काय ठाऊक? दवाखान्याच्या खोलीत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सिस्टरनी चारी खाटा काढल्या होत्या. ज्या पोराच्या रक्तात जंतू निघाले, त्याच्या खाटेवर टिकली. पोर बरं होऊन घरी गेलं की टिकली काढायच्या नि तिथे पेन्सिलीची खूण करायच्या. सगळ्याच टिकल्या निघत नसत. त्या दिवशी सिस्टर कोणाला काय विचारत नसत.

एका साली उंबरमाळीचं तान्हं पोर तिसऱ्या खाटेवर आलं. छाती भरलेली. जरा सुधारलं, आई हसली, नि दोन दिवसांत पोर परत तापाने फणफणलं. सिस्टरनी टिकली लावली नि कॅलेंडरसमोर उभ्याच राहिल्या. खुणा सगळ्या दोनच खाटांवर. दोन्ही प्राणवायूच्या नळीच्या.

तो प्राणवायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत पोराकडे जातो. बाटली भरायचं काम माझं.

"भिवाभाऊ, हे पाणी कुठून आलं?"

मी छाती काढून सांगितलं, "माझ्या विहिरीचं. आज्याने खणलेली."

मुरबाड रस्त्यावरच्या माझ्या गावातून रोज कॅन आणायचो. डॉक्टरनी उकळलेलं घाला सांगितलं होतं, खोटं कशाला बोलू? पण आमचं पाणी उकळायचं म्हणजे मेलेल्या आज्याला खोटं पाडायचं. मी सिस्टरांच्या समोर तांब्याभर प्यालो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमी पोटात घेता. पोरं छातीत घेतात."

बाटलीतलं पाणी कल्याणला तपासायला गेलं. मी बाईंशी बोलणं टाकलं. कागद आला तर पोराच्या रक्तातला जंतू नि माझ्या बाटलीतला जंतू एकच. डॉक्टरनी बरोबर त्याच्यावरचं औषध चालू केलं. मी गावी जाऊन विहिरीच्या काठावर बसलो नि आज्याशी भांडलो.

सिस्टर मात्र कोणासमोर माझं नाव बोलल्या नाय. एवढंच विचारलं, "बाटली कधी उपडी केलेली?" कधीच नाय. मी आपला वरून भरत गेलो.

हट्टी मी पहिल्यापासून. आता हट्ट उलटा धरला. रोज बाटल्या उपड्या करायच्या, धुवायच्या, सुकवायच्या, पाणी खळखळून उकळायचं. डॉक्टरांचा हात लागला तरी मी परत धुवायचो.

उंबरमाळीचं पोर आईच्या पोटात लाथा हाणत घरी गेलं. पावसाळा सरला, दिवाळी झाली, त्या दोन खाटांवर टिकली चढली नाय. डॉक्टरनी पेढे वाटले. सिस्टरनी विचारलं कुठून आले, नि दोन खाल्ले.

त्यांनी नोकरी सोडली तेव्हा सामान पोचवायला मी आसनगावला गेलो. भेट म्हणून विहिरीच्या पाण्याचा कॅन नेला. खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली आरसा. आरसाभर लाल टिकल्या. तोंड दिसायला रुपयाएवढी जागा नाय.

मी हसून विचारलं, "तोंड कुठे बघता, सिस्टर?"

त्यांनी एका टिकलीवर बोट ठेवलं. "हा उंबरमाळीचा. ही तानशाची. घरी आल्यावर कोणीतरी लागतं ना, भाऊ."

मी कॅन पुढे केला. त्या चहा ठेवायला आत गेल्या. कप हातात आला तेव्हा मला राहवलं नाय. विचारलं, "पाणी कुठून आलं?"

"तुमच्या आज्याकडून," सिस्टर म्हणाल्या. "खळखळून उकळलंय."