सेवाज्येष्ठ ब्राउझर

"हा ब्राउझर डीफॉल्ट करायचा का?" असं घरातला कॉम्प्युटर गेली चार वर्षं रोज सकाळी विचारत होता आणि अधीक्षक गेली चार वर्षं रोज सकाळी 'आत्ता नको'वर टिचकी मारत होते. आस्थापना विभागात एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. कुणाची बदली, कुणाची बढती, कुणाची रजा, टेबलावर येईल त्या अर्जाला आत्ता नको. निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे अर्ज करणारा एवढा कॉम्प्युटरच उरला. सोसायटीत त्यांना अजून अधीक्षकच म्हणत, कारण त्यांनी तसं सांगून ठेवलं होतं.

कॉम्प्युटरवर दोन ब्राउझर होते. एक जुना, यंत्राबरोबरच आलेला; दुसरा नवा, मुलीने येऊन घातलेला. अधीक्षक नवाच वापरत, पण डीफॉल्ट, म्हणजे आपोआप उघडणारा, जुनाच असल्याने मेलमधली लिंक दाबली की हटकून तोच उघडायचा. मग अधीक्षक चरफडत तो बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत्ता नको.

मामला हाताबाहेर गेला तो बायकोमुळे, असं त्यांचं म्हणणं. बायकोने त्यांना न विचारता एक अर्ज केला होता. अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेला घरबसल्या वाचून देणारी माणसं हवी होती. सासऱ्यांची नजर गेल्यावर अकरा वर्षं तिने त्यांना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवलं होतं, पहिल्या पानापासून हवामानापर्यंत. म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नाही, पण तिचं वाचन थांबलं की आरडाओरडा करायचा. एवढ्या शिदोरीवर तिने अर्ज केला आणि बोलावणं आलं. शुक्रवारी अकरा वाजता कॉम्प्युटरवरून मुलाखत, त्यातच आवाजाची परीक्षा. मोबाइल चालणार नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. साठाव्या वर्षी तिला पहिल्यांदा कुणीतरी मुलाखतीला बोलावलं होतं. ते पत्र तिने इतक्यांदा वाचलं की पाठ झालं.

मुलाखतीसाठी एक लिंक आली होती, ती आधी दाबून तपासून पाहा अशी सूचना होती. मंगळवारी तिने दाबली. जुना ब्राउझर उघडला आणि कोऱ्या पानावर ओळ आली की हा ब्राउझर फार जुना आहे, दुसरा वापरा.

तिने मुलीला फोन लावला. "आई, तो सकाळी विचारतो ना, त्याला हो म्हण. विषय संपला," मुलगी म्हणाली.

अधीक्षक शेजारी उभे होतेच. "असं एकदम हो म्हणायचं नसतं," ते म्हणाले. "आधी प्रकरण समजून घ्यावं लागतं."

प्रकरण समजून घ्यायला त्यांनी बुधवारी शेजारच्या इंजिनिअरना बोलावलं. इंजिनिअरांनी जन्मभर पाण्याच्या पाइपलाइनी टाकल्या होत्या, पण यंत्र म्हणजे यंत्र, त्यात काय कळायचंय, असा त्यांचा बाणा होता. दोन खुर्च्या मांडून पाहणी सुरू झाली. पाहणीत चार वेळा चहा झाला. तो कुणी केला हे सांगायला नको. जुना नको, नव्याचं ठरेना, तेव्हा तिसराच आणावा, असा अभिप्राय इंजिनिअरांनी दिला आणि तिसरा ब्राउझर उतरवूनही घेतला. तिसऱ्याने आल्याआल्या कुणाला न विचारता स्वतःला डीफॉल्ट करून टाकलं.

बायकोने लिंक दाबून पाहिली. पान उघडलं, माइक चालला, स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला. "झालं की," ती म्हणाली. खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

अधीक्षकांचा चेहरा मात्र लाल झाला होता. "याला परवानगी कुणी दिली?" त्यांनी विचारलं. चालतंय ना, मग चालू द्या, असं इंजिनिअरांनी सुचवून पाहिलं. पण पहिल्याच दिवशी न विचारता साहेबाच्या खुर्चीत बसणारा कर्मचारी अधीक्षकांनी कधी खपवून घेतला नव्हता. त्यांनी तिसऱ्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. इंजिनिअरना अचानक घरचं काम आठवलं.

बायकोने कपबशा अशा काही विसळल्या की एका कपाचा कान तुटला.

गुरुवारी लिंक दाबली तर कुठलाच ब्राउझर उघडेना. एक चौकट आली: कशात उघडू? खाली दोघांची नावं आणि त्याखाली 'नेहमी हाच वापरा' असं लिहिलेला रिकामा चौकोन. शेंबड्या पोरानेही नव्यावर बोट ठेवलं असतं. बायकोचा हात माऊसकडे गेलाही, पण अधीक्षकांचा आधी पोचला होता. त्यांनी तिला थांबवून कागद-पेन मागवलं आणि दोन्ही ब्राउझरांच्या रुजू होण्याच्या तारखा शोधायला घेतल्या. त्यात दुपार गेली. जुना तीन वर्षांनी सेवाज्येष्ठ निघाला.

"ज्येष्ठाला डावलून कनिष्ठाला वर बसवलं की तक्रारी होतात," अधीक्षक म्हणाले.

"कोण करणार तक्रार? ब्राउझर?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे." असं म्हणून त्यांनी जुन्याची निवड केली आणि चौकोनात बरोबरची खूणही केली.

अशा रीतीने तीन दिवस राबून अधीक्षकांनी प्रकरण होतं तिथे आणून ठेवलं. फरक एवढाच, की आता कॉम्प्युटरने विचारणंही सोडलं. शुक्रवारी सकाळी ते नेहमीच्या वेळी पडद्यासमोर जाऊन बसले, पण कुणी काही विचारेना. त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

अकराला दहा मिनिटं कमी असताना बायको इस्त्रीचे कपडे घालून, घसा साफ करून आली. त्यांच्या खांद्यावरून वाकून तिने लिंक दाबली. पुन्हा तेच कोरं पान. एवढी एकच गोष्ट तिने स्वतःसाठी मागितली होती आणि तीही या माणसाच्या टेबलावर अडकली होती.

अधीक्षक शांत होते. मुलाखत पुढे ढकलण्याच्या विनंतीचा मसुदा त्यांनी रात्रीच करून ठेवला होता. तो वाचून दाखवू का, असं त्यांनी विचारलं.

"उठा," बायको म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता, तरी अधीक्षक उठले. ती खुर्चीत बसली, फोन कानाला लावला, मुलगी सांगत गेली तसं सेटिंग्जमध्ये शिरली आणि जुन्याच्या जागी नवा निवडला. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नाही. अधीक्षक "अगं, पण नोंद" इतकं म्हणेपर्यंत मुलाखतीचं पान उघडलं होतं.

पडद्यावर दोन बायका आणि एक गृहस्थ होते. त्यांनी तिला औषधाच्या सूचनांचं एक रटाळ पान वाचायला दिलं. ती वाचू लागली, सावकाश, स्वच्छ, कुठेही आव न आणता. अधीक्षक हात मागे बांधून तिच्या पाठीशी उभे होते. ती श्वास घ्यायला थांबली की ते खाकरत आणि मान हलवून पुढे चालू द्या अशी अनुमती देत. तिसऱ्या खाकरण्याला पडद्यावरच्या एका बाईंनी वाचन थांबवलं.

"ताई, एक विचारू? तुमच्या मागे ते कोण आहेत?"

बायकोने मागे वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ते होय," ती म्हणाली. "ते आधीपासूनच आहेत. बदलता येतं, हे मला आजच कळलं."

पडद्यावरची तिन्ही माणसं हसली. गृहस्थांना तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले. बायको हसली नाही. जाताना दार आवाज न करता लावून घ्या, एवढं तिने मान न वळवता सांगितलं, आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

अधीक्षकांनी दार लावलं आणि बाहेरून त्याला कान लावून उभे राहिले. पान संपलं. सोमवारपासून रोज तीन तास जमतील का, असं आत कुणीतरी विचारलं. यावर विचार करायला निदान आठवडाभराची मुदत मागून घ्यावी लागेल, असं अधीक्षकांच्या मनात आलं. आतून ती लगेच "जमतील" म्हणाली. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.